नाताळच्या जेवणाला ३२ माणसं: रोस्टची ग्रेव्ही पुरेल एवढी कशी करायची?

कलिन्याची सून
सोमवार, ८ डिसेंबर, रात्री ११.१०

नमस्कार. प्रश्न जरा लांब आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट उत्तर देता येणार नाही.

माझं माहेर दादरचं, सासर कलिन्याच्या गावठाणातलं, ईस्ट इंडियन (मुंबई-वसईकडचे मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक). लग्नाला नऊ वर्षं झाली. नाताळच्या दुपारी अख्खं खानदान आमच्याकडे जेवायला असतं, ही पद्धत सासऱ्यांच्या आईपासूनची. सासूबाईंची बोटं संधिवाताने आखडली (आम्ही सगळे त्यांना ममा म्हणतो) आणि गेल्या वर्षी पळी माझ्या हातात आली. सोरपोतेल आणि विंदालू या मांसाच्या व्हिनेगर घातलेल्या रश्शांची मला काळजी नाही. ते दोन-तीन दिवस आधी होतं, रोज उकळी देऊन मुरवायचं असतं, आणि ममा शेजारी स्टुलावर बसून मीठ-व्हिनेगर सांगतात. फुगे (आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोल पाव) तळायला नणंद येते. माझं सगळं अडतं ते रोस्ट चिकनच्या ग्रेव्हीपाशी.

गेल्या वर्षी २८ माणसं होती. चार कोंबड्या गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीत भाजून आणल्या, कारण घरच्या ओव्हनमध्ये एका वेळी एकच मावते. ट्रेमध्ये जेमतेम दोन कप रस निघाला. पहिली पंगत बसली आणि बघते तर निम्मी ग्रेव्ही पोरांनी बटाट्यांवरच संपवलेली. मी घाईघाईत उरलेल्या रसात गरम पाणी ओतलं आणि वरून चार चमचे मैदा टाकला. गुठळ्या झाल्या. कितीही घोटलं तरी फुटेनात, फोडल्या तर आत कोरडं पीठ. नवऱ्याचे मामा वसईहून येतात, त्यांना पोचायला अडीच वाजले. ७४ वर्षांचे, दात थोडे उरलेत. त्यांनी कोरडं चिकन पाण्याच्या घोटाबरोबर खाल्लं आणि वर ‘छान झालंय गं बाय’ म्हणाले. तो घास अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. यंदा तसं होऊ द्यायचं नाही.

यंदा ३२ पानं. नाताळ गुरुवारी आलाय आणि माझे आईबाबा गुरुवार पाळतात, शिवाय शेजारचे तिघे शाकाहारी. म्हणजे पाच जणांना चिकनचा रस चालणार नाही. कोंबड्या पाच, प्रत्येकी दीड किलोच्या आसपास. बेकरीची भट्टी यंदा लाकडावरून गॅसवर गेलीय, पण आमचे ट्रे घेणार आहेत. घरी साडेसात लिटरचा कुकर, दहा लिटरचा टोप, चार बर्नरची शेगडी आणि एकच फ्रिज, जो २० तारखेपासून केक, मार्झिपान आणि सोरपोतेलने भरलेला असतो.

तर माणशी किती ग्रेव्ही धरायची? पाच कोंबड्यांतून एवढा रस निघतच नसेल तर तो आणायचा कुठून? आणि आधी करून ठेवता येते का? ममांना विचारलं तर म्हणतात, ‘अंदाजाने, टोप बघून.’ त्यांचा अंदाज कधी चुकला नाही, पण तो माझ्या हातात अजून उतरलेला नाही. पाकिटातली पावडर नको. ममांना पहिल्या घासाला कळतं.

वसईची आत्या
सोमवार, ८ डिसेंबर, रात्री ११.५२

अगं बाय, मामांचं वाचून पोटात तुटलं.

माझं ऐक. पाचही कोंबड्या बेकरीत धाडू नकोस. तीन तिकडे दे, दोन घरी टोपात भाज. भट्टीत रस आटून जातो, झाकणाखाली तो टोपातच राहतो. माझी आई असंच करायची. जाड बुडाच्या टोपात तेल तापवून अख्खी कोंबडी सगळ्या अंगांनी लाल करून घ्यायची, मग दालचिनी, चार लवंगा, मिरी, चार कांदे उभे चिरून, आलं-लसूण, कपभर पाणी आणि चमचाभर व्हिनेगर. झाकणात पाणी ठेवून मंद आचेवर सव्वा तास, मधे दोनदा उलटायची. एका कोंबडीमागे दीड-दोन कप रस सहज राहतो. बटाटे शेवटच्या अर्ध्या तासात त्यातच सोडायचे.

आणि सगळ्या ग्रेव्हीत मिळून एकच लहान चमचा बाटली मसाला घाल. जास्त नको, नाहीतर रोस्टची खुडी, म्हणजे आपला कोंबडीचा मसालेदार रस्सा होईल. मसाला यंदाचा आहे ना? आमच्याकडे मे महिन्यात कांडून घेतात आणि बिअरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरतात. उजेड लागला की रंग आणि वास दोन्ही उतरतात, म्हणून बाटली उघडून ओट्यावर ठेवून देऊ नकोस.

माझी सून विचारते, ग्रेव्ही आपली का साहेबाची? मी तिला सांगते, ईस्ट इंडियन हे नावच आपल्या लोकांनी १८८७ साली घेतलं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा. ज्या टेबलावर खुडी आणि फुगे आहेत त्याच टेबलावर रोस्ट आहे, मी जन्मापासून असंच बघितलंय. माझ्यासाठी दोन्ही घरचंच.

बँक्वेटवाला
मंगळवार, ९ डिसेंबर, सकाळी ७.०५

२२ वर्षं हॉटेलच्या बँक्वेट किचनमध्ये काढली, आता निवृत्त, मुक्काम डोंबिवली. ताई, ग्रेव्हीचं काम २५ तारखेला सुरूच करायचं नसतं. त्या दिवशी फक्त ती जोडायची. रस ट्रेमधून येईल या भरवशावर राहिलात म्हणून गेल्या वर्षी अडकलात. ट्रेमधून चव येते. लिटर येतात ते हाडांतून.

आधी माप. तुमची वाढायची पळी पाण्याने भरा आणि मापाच्या कपात ओता. ६० ते ७० मिली भरेल. हॉटेलात रोस्टबरोबर आम्ही माणशी एकच पळी धरायचो, कारण तिथे वाढणारा आमचा माणूस असायचा. घरी बटाटा, पुलाव आणि फुगा असे तीन पिणारे आहेत. दोन पळ्या धरा, म्हणजे १२५ मिली. चिकन खाणारे २७, झाले जवळपास साडेतीन लिटर. उशिरा येणारे मामा आणि पुन्हा मागणारी पोरं धरून चार लिटर करा.

आता हाडं. कोंबडीवाल्याकडे माना, पाठी, पंख आणि पंजे सांगून ठेवा, सगळं मिळून चार किलो. त्यात किलोभर पंजे हवेतच. पंजांच्या कातडीतून आणि कूर्चांतून (मऊ हाडांतून) जिलेटिन उतरतं, रसाला अंग येतं, ओठाला किंचित चिकटतो तो त्यामुळेच. पंजे मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून पिवळी साल ओढून काढा, नखं छाटा. आणि रोस्टच्या कोंबड्या कातडीसकट हव्यात हे त्याला दोनदा सांगा. मुंबईतला कोंबडीवाला न सांगता सोलून देतो, आणि मग ट्रेमध्ये चरबीही नाही आणि रंगही नाही.

पंख आणि पाठी थोड्या तेलात कढईत भाजा, बदामी नाही, चांगल्या तांबूस होईपर्यंत. घाई करून कढई भरू नका, एकावर एक पडले की ते भाजत नाहीत, वाफतात. त्याच कढईत कांदे, गाजरं आणि मिळाली तर सेलरी. तुमच्या कुकरला दोन खेपा लागतील: एका खेपेला दोन किलो हाडं, तीन लिटर पाणी, दहा-बारा मिरी. कुकर दोन तृतीयांशापेक्षा वर भरायचा नाही. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करून ४५ मिनिटं, आणि मग वाफ आपोआप जाऊ द्यायची. शिट्टी उचलून वाफ काढलीत तर आत एकदम खळखळ उसळी येते, चरबी रसात मिसळते आणि सगळं गढूळ होतं. मीठ घालायचं नाही. कण भरसुद्धा नाही, कारण पुढे ते आटणार आहे. इंग्रजी कृतीत ‘बे लीफ’ दिसलं म्हणून आपलं तमालपत्र टाकू नका, ती झाडंच वेगळी आहेत. आपल्या पानाला दालचिनीचा वास असतो. आत्याबाईंच्या टोपात ते शोभेल, या रसात मला आवडत नाही.

गाळून घ्या, थंड करा. वर चरबीचा थर जमेल तो फेकू नका, मैदा त्यातच भाजायचा.

मैद्याचं गणित असं. लिटरला ६० ग्रॅम मैदा आणि तेवढीच चरबी. लोणी आणि कोंबडीची चरबी मिसळून चालते. तुम्ही मैदा तांबूस भाजणार, आणि मैदा जितका भाजाल तितकी त्याची दाट करायची ताकद कमी होते, म्हणून चार लिटरला ३०० ग्रॅम घ्या, अडीच कप होतात. मंद आचेवर भाजलेल्या शेंगदाण्याचा रंग आणि तसाच वास येईपर्यंत हलवत राहा. मग कोमट रस एकेक पळी. पहिल्या दोन पळ्यांना कणकेसारखा गोळा होईल, घाबरू नका, घोटत राहा, पाचव्या-सहाव्या पळीला तो सैल होतो. घोटायला ताकाची रवी घ्या, त्यापेक्षा चांगलं हत्यार आपल्या स्वयंपाकघरात नाही. सगळा रस गेला की २० मिनिटं बारीक उकळू द्या, तोवर मैद्याचा कच्चा वास जातो. कढीपेक्षा दाट आणि पिठल्यापेक्षा पातळ असली की उतरवा. निवताना आणखी दाटते.

गेल्या वर्षीच्या गुठळ्यांचं कारण: कोरडा मैदा गरम रसात पडला की गोळीची बाहेरची बाजू लगेच शिजून चिकट होते, आणि त्या कातड्यातून पाणी आत जाऊ शकत नाही. पिठल्याला आपण डाळीचं पीठ आधी गार पाण्यात कालवतो, ते याच कारणाने. पुन्हा कधी झाल्याच तर घोटत बसू नका, पुरणाच्या चाळणीतून गाळून घ्या.

कलिन्याची सून
मंगळवार, ९ डिसेंबर, दुपारी १.२०

काका, पिठल्याचं वाचलं आणि डोक्यात लख्ख पडलं. पिठलं मी डोळे मिटून करते.

आत्या, दोन कोंबड्या टोपात नक्की. ममांना विचारलं तर त्यांच्या आईची पद्धतही तीच, फक्त त्या झाकणात पाण्याऐवजी निखारे ठेवायच्या.

अडचण एकच. साडेपाच लिटर रस ठेवू कुठे? फ्रिजमध्ये तांब्याभर जागा निघेल. २४ च्या रात्री करून टोप झाकून ओट्यावर ठेवला, सकाळी मिस्साहून (चर्चमधल्या प्रार्थनेहून) आल्यावर खळखळून उकळला तर चालेल का? थंडीच आहे.

रात्रपाळी
मंगळवार, ९ डिसेंबर, संध्याकाळी ६.४०

नाही. कृपा करून हे करू नका. मी परिचारिका आहे आणि सणांनंतरच्या सकाळी काय येतं ते बघितलंय.

मुंबईच्या डिसेंबरात दुपारी पारा तिशीच्या पुढे असतो आणि स्वयंपाकघर त्याहून गरम. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा जंतू मांसाच्या रश्शात आणि ग्रेव्हीत वाढतो. त्याचे बीजाणू उकळी सोसतात. मोठ्या टोपातला रस हळूहळू कोमट होत जातो, मधला भाग तर कितीतरी तास कोमटच राहतो, आणि तेच त्यांना हवं असतं. खाल्ल्यावर ६ ते २४ तासांत पोटात कळा आणि जुलाब. धडधाकट माणूस दिवसभरात सावरतो. ७४ वर्षांच्या माणसाला आणि लहान मुलांना ते जड जातं.

रस गाळला की लगेच पसरट भांड्यांत ओता, दोन-अडीच इंचांपेक्षा खोल नको. सिंकमध्ये बर्फाचं पाणी भरून त्यात भांडी ठेवा, हलवत राहा, आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. वाढताना ग्रेव्ही ६० अंशांच्या वर राहिली पाहिजे, म्हणजे वाफ दिसली पाहिजे. सोरपोतेललाही हेच लागू आहे: रोजची उकळी ठीक, पण उकळी दिल्यावर पुन्हा झटपट थंड करून आत.

बँक्वेटवाला
मंगळवार, ९ डिसेंबर, रात्री ९.१५

ताईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. हॉटेलात यावर नोकरी जाते.

जागेचा उपाय आहे. रस आटवा. साडेपाच लिटर रस गाळून, चरबी काढून, पसरट टोपात मोठ्या आचेवर दीडेक तास उकळलात की दोन लिटर उरेल. सगळी चव आणि जिलेटिन त्यात राहतं, उडतं ते पाणी. मीठ घालू नका म्हणालो ते यासाठीच. आइस्क्रीमचे रिकामे डबे असतील तर अर्ध्या-अर्ध्या लिटरचे चार डबे, बोटभर जागा सोडून (गोठताना फुगतं), फ्रीजरमध्ये. नाताळच्या आठवड्याची गर्दी सुरू होण्याआधी, येत्या रविवारी हे उरकून टाका. २५ ला काढून त्यात गरम पाणी घातलं की पुन्हा साडेचार लिटर. भाजलेला मैदाही आठवडाभर आधी करून डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवता येतो, जागा चार चमच्यांची.

कॉर्नफ्लोअर वापरू का असं कुणी विचारायच्या आधी सांगतो: निम्माच लागतो, चकाकी छान येते, पण दोन-तीन तास गरम ठेवायची असेल तर तो पुन्हा पातळ होत जातो आणि फ्रीजरमधून काढल्यावर पाणी सोडतो. तुमच्या तीन पंगतींना मैदाच.

शाकाहारी गिरगावकर
बुधवार, १० डिसेंबर, सकाळी १०.३०

पाच शाकाहाऱ्यांसाठी पाऊण लिटर पुरे. ४०० ग्रॅम साधी बटण मशरूम पातळ कापून लोखंडी कढईत थोड्या तेलात टाका आणि हलवू नका. आधी पाणी सुटेल, ते पूर्ण आटू द्या, मग कडा तांबूस होतात, सगळी चव तिथे आहे. दोन कांदे, एक गाजर, एक टोमॅटो त्यातच परता, लिटरभर पाणी घालून अर्धा तास उकळा, गाळून दाबून घ्या. एक चमचा सोया सॉस. पुढचं सगळं काकांच्या मैद्यासारखंच, फक्त चरबीच्या जागी लोणी.

आणि एक विनंती. तिचं भांडं आणि पळी वेगळी ठेवा, आणि आईबाबांच्या पुढ्यातच ठेवा. गुरुवार पाळणाऱ्या माणसाला ‘ही पळी कशातली’ असं विचारायला संकोच होतो, मग तो वरण मागतो किंवा नुसता भात खातो. माझ्या वडिलांचं मी हे बघितलंय.

कलिन्याची सून
रविवार, १४ डिसेंबर, रात्री १०.४५

आज रस केला. साडेपाचच्या जागी पाच लिटर निघाला. पहिली खेप रात्रभर फ्रिजमध्ये ठेवता यावी म्हणून कालच केली होती. सकाळी डबा उघडला तर वर अर्धा बोट जाडीचा पिवळसर थर, सुरीने कडा सोडवल्यावर तो भाकरीसारखा अख्खा उचलला गेला. खाली तांबूस जेली. डबा तिरका केला तरी हलेना, नुसती थरथरली. ममांनी बोटाने टोचून पाहिलं, बोट आत गेलं आणि खड्डा तसाच राहिला. ‘पंजे घातलेस,’ म्हणाल्या. मी काहीच सांगितलं नव्हतं.

दोन्ही खेपा मिळून आटवल्या, दोन लिटर. त्यातला कपभर घेऊन चाचणीची ग्रेव्ही केली. दाटपणा बरोबर, गुठळी एक नाही. पण चव कडवट. मागून जिभेवर राहते. काय चुकलं?

बँक्वेटवाला
सोमवार, १५ डिसेंबर, सकाळी ६.५०

जेलीचं वाचून आनंद झाला.

कडू कुठून आलं ते शोधू. नुसता आटवलेला रस चमचाभर गरम पाण्यात चाखा. तो कडू नसेल तर तुमचा मैदा जळलाय. जाड बुडाचं भांडं, बारीक आच, आणि रंग शेंगदाण्याच्या पुढे न्यायचा नाही. काळे ठिपके दिसले की तो टाकून नवा करायचा, वाचवायचा प्रयत्न करू नका. रसच कडू असेल तर कढईतला कांदा काळा झाला होता.

कलिन्याची सून
सोमवार, १५ डिसेंबर, सकाळी ९.०५

रस गोड आहे! मैदाच होता. अॅल्युमिनियमच्या पातळ भांड्यात भाजला होता. रात्री लोखंडी कढईत पुन्हा करते.

वसईची आत्या
सोमवार, १५ डिसेंबर, सकाळी ११.३०

बेकरीतल्या ट्रेमध्ये कोंबडीखाली कांद्या-गाजराच्या जाड चकत्या पसर आणि कपभर पाणी घाल, रस जळत नाही. आणि ट्रे आणायला घरचं माणूस पाठव, झाकणाचा डबा देऊन. तिथेच रस डब्यात ओतून घ्यायचा.

कलिन्याची सून
शुक्रवार, २६ डिसेंबर, दुपारी ४.१५

सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा. कालचं सविस्तर लिहिते, तुम्ही सगळ्यांनी एवढं केलंत.

पानं ३४ झाली. नणंदेच्या दिराची दोन मुलं ऐनवेळी आली.

मिस्साहून येताना दीर बेकरीत गेला, डबा घेऊन. आत्या, तुम्ही सांगितलं तसं. पण तो पोचायच्या आधीच तिथल्या पोराने ट्रे बाहेर काढून, उचलताना सांडू नये म्हणून दोन्ही ट्रेमधला रस मोरीत ओतून टाकला होता. पोराने चांगल्या मनानेच केलं, त्याला कोण बोलणार. दिराचा फोन आला तेव्हा मी ओट्यापाशी होते आणि क्षणभर हात थांबले. मग फ्रीजरमधले डबे समोर दिसले. गेल्या वर्षी हेच झालं असतं तर टेबलावर एक थेंब गेला नसता.

ट्रे घरी आले तेव्हा बुडाला काळसर-तांबूस खरवड चिकटलेली होती. काळा भाग सुरीने काढून टाकला. ट्रे शेगडीवर ठेवून त्यात घरची द्राक्षाची वाईन कपभर आणि गरम रस घातला, उलथन्याने खरवडत गेले. दोन मिनिटांत पांढरट ट्रे स्वच्छ आणि वाईन कॉफीच्या रंगाची. त्यात टोपातल्या दोन कोंबड्यांचा साडेतीन कप रस आणि आटवलेल्या रसात पाणी घालून केलेला सगळा रस. एकूण साडेचार लिटरच्या जरा वर. लोखंडी कढईतला मैदा, काल तो डबीतून दगडासारखा निघाला, पण उकळत्या रसात तुकडे टाकून रवीने घोटला तसा विरघळला. काका, मैदा गार असला तर रस गरम हवा, ही माझी भर.

मीठ शेवटी. ममांनी पळीतून तळहातावर थेंब घेतला, चाखला, थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. ‘व्हिनेगर. अर्धा चमचा.’ घातलं, आणि खरंच, इतका वेळ जे नुसतं जड लागत होतं ते मोकळं झालं. बाटली मसाला आत्यांच्या मापाने, एकच लहान चमचा.

रात्रपाळी ताई, शेजाऱ्यांकडून दोन-दोन लिटरचे दोन थर्मास आणले, आत उकळतं पाणी पाच मिनिटं ठेवून मग ग्रेव्ही भरली. पावणेदोनला दुसऱ्या पंगतीला ओतली तेव्हा जीभ भाजेल इतकी गरम होती. अर्धा लिटर नुसता गरम रस बाजूला ठेवला होता, दाटली की त्यातला पळीभर.

मशरूमची ग्रेव्ही पितळी वाटीत, स्वतंत्र पळी घालून, आईच्या उजव्या हाताला ठेवली. बाबांनी तीन फुगे खाल्ले. ते फुग्यांबरोबर एरवी काहीच घेत नाहीत, कारण टेबलावर त्यांच्यासाठी बुडवायला काही नसायचं. हे नऊ वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. गिरगावकर, तुमचे आभार मानते.

मामा वसईहून दोन चाळीसला पोचले. त्यांच्यासाठी दुसरा थर्मास उघडलाच नव्हता. पानात चिकन वाढलं, शेजारी वाटी ठेवली आणि ग्रेव्ही ओतली, वाफ त्यांच्या चष्म्यावर गेली. त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला, फुगा मोडला, वाटीत बुडवला. मग चिकनवर आणखी घाल म्हणाले. मग भातावर. मी शेजारी उभी राहून पळीने घालत होते. शेवटी त्यांनी वाटी उचलून तोंडाला लावली.

थर्मासचं झाकण लावताना आत डोकावले. तळाशी अजून पाच-सहा पळ्या होत्या.